क्रमांक एकचा फुगा

उमाशंकरने पेशंटच्या दंडाला रबरी पट्टी बांधली, शीर शोधली, सुई टेकवली आणि नेमके त्याच वेळी त्याचे सासरे पडदा बाजूला सारून लॅबमध्ये आले.

"पाव्हणं, हे वाचा!"

महांतप्पांची उमरग्याच्या बाजारात तुरीची अडत होती. तीस पोत्यांपलीकडच्या माणसाशी बोलायची सवय असल्यामुळे त्यांचं कुजबुजणंही रस्त्यावर ऐकू जायचं. त्यांनी मोबाइल उमाशंकरच्या नाकापुढे धरला. खुर्चीतला ट्रक ड्रायव्हर घाबरून म्हणाला, "मालक, आधी माझं रक्त काढू द्या की."

"तुझं रक्त कुठं पळतंय? इथं माझं उकळायलंय!"

उमाशंकरने मोबाइलकडे पाहिलं. वाचायची काही गरज नव्हती. तो मजकूर त्याने स्वतःच आदल्या संध्याकाळी, याच खुर्चीत बसून लिहिला होता.

त्याचं असं होतं. उमाशंकर दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोकांच्या रक्तात काय कमी आहे ते शोधायचा आणि काम संपलं की मोबाइलवर कबड्डीचे सामने बघून खेळाडूंमध्ये काय कमी आहे ते शोधायचा. कॉलेजात असताना तोही खेळला होता, पण दुसऱ्या वर्षी गुडघा गेला आणि खेळणं राहिलं. मग त्याने फेसबुकवर 'मध्यरेषा' नावाचं एक पेज काढलं. स्वतःचं नाव कुठेही दिलं नाही. दोनशे बारा लोक ते पेज बघायचे, आणि त्यातले निम्मे चुकून आलेले असावेत असा त्याचा अंदाज होता.

यंदा राज्यातली नवी व्यावसायिक कबड्डी लीग कॉलेजची मुलं घेणार होती. लिलाव वगैरे नव्हता. आठ संघांनी पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलायचा, अशा चार फेऱ्या. त्याला ड्राफ्ट म्हणत. महांतप्पा त्याला 'ड्राप' म्हणत, आणि आपला नंदीश पहिल्याच फेरीत ड्राप होणार असं सगळ्या बाजारात सांगत.

नंदीश हा त्यांचा मुलगा, म्हणजे उमाशंकरचा मेव्हणा. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्याने एका सामन्यात सत्तावीस गुण घेतले होते आणि त्या सामन्याचा व्हिडिओ महांतप्पांच्या मोबाइलमध्ये होता. रविवारी जावई जेवायला गेला की तो लावला जायचा. पानात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, गार होत असायची आणि महांतप्पा म्हणायचे, "आता बघा. आता बघा. आता!" त्या तिसऱ्या 'आता'ला सगळ्यांनी 'वा' म्हणायचं अशी त्या घरची पद्धत होती. मागच्या रविवारी उमाशंकरचा 'वा' जरा उशिरा आला, तर महांतप्पांनी व्हिडिओ मागे नेऊन परत दाखवला. मग आणखी एकदा.

त्या आठवड्यात उमाशंकर 'ड्राफ्टमधले पाच फुगे' अशी यादी करत होता. उगीच नाव झालेले पाच खेळाडू. चार सापडले होते, पाचवा सापडत नव्हता. जेवून परत आल्यावर तो आपोआप सापडला आणि थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला.

"वाचा म्हणतोय की!" महांतप्पा ओरडले. "मोठ्यानं!"

एका हातात सिरिंज धरून उमाशंकरने स्वतःचं लेखन वाचून दाखवलं. "'क्रमांक एक. नंदीश, उमरगा. सत्तावीस गुणांच्या त्या सामन्यात समोरच्या संघाचे दोन्ही कोपरारक्षक परीक्षेला गेलेले होते. हा गडी चढाईला गेला की उजवीकडेच जातो. डावीकडेही मैदान असतं हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. चढाईआधी त्याने कानाची पाळी चोळली की समजावं, आता हा बोनस गुणासाठी जाणार. हे त्याच्या क्रीडाशिक्षकांना तीन वर्षांत दिसलं नाही. ते बहुधा खेळाऐवजी फक्त गुणफलक बघत असावेत.'"

"चांगलं लिवलंय की," ट्रक ड्रायव्हर म्हणाला.

महांतप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने निमूटपणे हात पुढे केला.

"पाव्हणं, सकाळपासनं सोळा जणांनी मला हे धाडलंय. कॉलेजच्या ग्रुपवर, अडत्यांच्या ग्रुपवर, पार गुलबर्ग्याच्या साडूनं बी धाडलं. ह्यो कोण हाय ते हुडकायचं. तुमचं डोकं चालतं मोबाइलमधी. हे काम तुमच्याकडं."

"माझ्याकडं?"

"मग कुणाकडं? घरातला माणूस हाय तुमी."

उमाशंकरने मान डोलावली. दुसरं काही हलवण्यासारखं नव्हतंच.

*

दुपारी तो जेवायला घरी गेला तेव्हा श्रीदेवीने ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "कानाची पाळी."

"काय?"

"आमचा नंद्या कानाची पाळी चोळतो हे बाहेरच्या माणसाला कसं कळलं? टीव्हीत दिसत न्हाय ते. त्याच्यासमोर बसून जेवणाऱ्यालाच दिसतं."

भाकरीचा तुकडा उमाशंकरच्या हातातच राहिला. त्याने पाणी प्यायलं, पुन्हा पाणी प्यायलं, आणि मग सगळं सांगून टाकलं.

श्रीदेवीने ऐकून घेतलं. ती रडली नाही, ओरडली नाही. त्यामुळे तो जास्त घाबरला.

"खोटं लिवलंय का त्यात काही?" तिने विचारलं.

"न्हाय."

"मग तोंडावर का न्हाय सांगितलं त्याला?"

"अप्पांसमोर? त्या घरात 'वा' सोडून दुसरं काही म्हणता येतं का?"

लहानपणापासून तीही 'वा'च म्हणत आली होती. "आता पेज बंद करतो," उमाशंकर म्हणाला.

"बंद केलं की लोक म्हणतील, पळाला. आणि अप्पा आणखी पेटतील. त्यांचं बीपी तुमीच मोजता ना? मग सांगू बी नका आणि बंद बी करू नका. केलंय तर आता निस्तरा."

निस्तरायची संधी तिसऱ्याच दिवशी आली. महांतप्पांनी दोघांना संध्याकाळी घरी बोलावलं. बैठकीत शांतलिंग सरही होते. हेच नंदीशच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक. गळ्यात शिट्टी घालून हिंडायची त्यांना इतकी सवय होती की लग्नकार्यातही ते तशीच घालून येत.

"लागला का तपास?" महांतप्पांनी विचारलं.

"चालू हाय," उमाशंकर म्हणाला. "माणूस बहुतेक पुण्याचा असावा."

"वाटलंच!" शांतलिंग सर म्हणाले. "गुणफलक बघतो म्हणे मी! मी तर तो बी बघत न्हाय."

महांतप्पांनी आपला मोबाइल पुढे केला. "पाव्हणं, तिथंच खाली त्याला जाहीर उत्तर लिवा. मी सांगतो तसं. लिवा, 'अरे रिकामटेकड्या, हिंमत आसंल तर नाव सांग.'"

उमाशंकरने सासऱ्यांच्या मोबाइलवर ते टंकलं आणि पाठवलं. त्याच क्षणी त्याच्या स्वतःच्या खिशात 'टिंग' वाजलं.

"कुणाचं?"

"लॅबचं. रिपोर्टचं काहीतरी."

"आता बघू काय उत्तर देतंय," असं म्हणत महांतप्पा मांडी घालून मोबाइलपुढे बसले. दोन मिनिटं गेली, तीन गेली. कुणी हलेना. शेवटी उमाशंकर पोटाला हात लावून उठला, मागे बाथरूममध्ये गेला आणि कडी लावून स्वतःच्या मोबाइलवर लिहू लागला, 'आदरणीय महोदय, आपला राग समजू शकतो. नावापेक्षा मुद्दा महत्त्वाचा आहे.' तो बाहेर येईपर्यंत बैठकीत गलका झाला होता.

"आलं! आलं! बेनं रिकामंच दिसतंय. लिवा पाव्हणं, 'मुद्दा गेला खड्ड्यात.'"

टिंग.

उमाशंकर पुन्हा उठला. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळेला सासूबाई बाथरूमच्या दारातच उभ्या होत्या. त्यांच्या हातात जिरं घातलेल्या ताकाचा तांब्या होता. "कवापासनं होतंय असं?" त्यांनी काळजीने विचारलं. "आज तुमाला नुसता दहीभात. हुग्गीला हात लावायचा न्हाय."

घाईगडबडीत माणूस नको ते लिहून जातो. तसंच उमाशंकरने त्या चौथ्या खेपेला लिहिलं होतं, 'आपल्या चिरंजीवांनी ड्राफ्टआधीच्या चाचणीत डावीकडे जाऊन एक तरी गुण आणून दाखवला, तर मी जाहीर माफी मागेन.'

"कबूल!" महांतप्पांनी मांडीवर थाप मारली. "लिवा, कबूल हाय म्हणून! एक काय, दहा आणंल!"

शांतलिंग सर जरा चुळबुळले. "अप्पा, डावीकडनं कशाला? उजवीकडनं चांगलं चाललंय की त्याचं. ती आपल्या कॉलेजची स्टाइल हाय."

पण तोवर 'कबूल' जाऊन पोचलं होतं, आणि सगळ्या बाजाराने ते वाचलं होतं.

नंदीश कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. तो कानाची पाळी चोळत होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला नंदीश बहिणीच्या दारात उभा होता. सहा फुटांचा गडी, पण चप्पल काढताना लहान मुलासारखा अडखळला.

"दाजी, एक बोलायचं होतं. त्यो जे लिवतंय ना, ते खरं हाय."

उमाशंकरने चहाचा कप खाली ठेवला.

"माझं डावं पाऊल आठवीत मुरगळलं होतं. तवापासनं भ्या वाटतं तिकडं वळायला. सरांना सांगितलं तर म्हणाले, गुण येतायत न्हवं? अप्पांना सांगायची तर सोयच न्हाय. त्यांनी फ्लेक्स छापायला टाकलाय. 'पहिल्या फेरीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' म्हणून. त्या माणसाचा पत्ता लागला तर मला आधी सांगा. मारायला न्हाय. डावीकडं कसं वळायचं ते इचारायला."

श्रीदेवीने नवऱ्याकडे पाहिलं.

"चल ग्राउंडवर," उमाशंकर म्हणाला.

"तुमी?"

"म्या. पकडायला कुणीतरी पायजे का न्हाय समोर?"

कॉलेजची बाकीची मुलं परीक्षेच्या अभ्यासाला लागली होती, त्यामुळे समोर उभा राहायला उमाशंकरशिवाय कुणी नव्हतं. तीन आठवडे रोज सकाळी नंदीश डावीकडून यायचा आणि उमाशंकर त्याच्या घोट्यावर झडप घालायचा. पहिल्या दिवशी त्याच्या कोपराचं कातडं गेलं. चौथ्या दिवशी नाक सुजलं. आठव्या दिवशी गुडघ्याने जुनी ओळख दाखवली आणि तो लंगडत लॅबमध्ये गेला, तेव्हा रक्त द्यायला आलेल्या एका म्हातारीने त्यालाच खुर्चीत बसवलं. "तू बस बाबा आधी," ती म्हणाली. "तुझं दुखणं मोठं दिसतंय."

घरी श्रीदेवी हळद गरम करून लावायची. "दुखतंय?" ती विचारायची.

"लई."

"चांगलं झालं," असं म्हणून ती आणखी हळद लावायची. पण हात हलका असायचा.

नंदीश सुधारत होता का? थोडा. खरं सांगायचं तर फारच थोडा. दहांपैकी आठ वेळा तो डावीकडून येताना सापडायचा. पण वळताना डोळे मिटायचा, ते आता मिटत नव्हता. सोलापूरला चाचणी झाली. आठही संघांचे प्रशिक्षक आले होते. नंदीश परत आला आणि कसं झालं विचारलं तर म्हणाला, "दाजी, कानाला हात न्हाय लावला." यापलीकडे त्याने काही सांगितलं नाही.

*

ड्राफ्ट रविवारी सकाळी अकराला होता आणि मोबाइलवर थेट दिसणार होता. महांतप्पांनी अडतीत पोती सरकवून जागा केली, मोठा टीव्ही आणून जोडला, पेढे मागवले आणि दर्शनी भिंतीला तो फ्लेक्स लावला. निम्मा बाजार जमला. पुढच्या खुर्चीत शांतलिंग सर, त्यांच्या शेजारी नंदीश, आणि मागे खांबाला टेकून उमाशंकर, कारण त्याला बसता येत नव्हतं.

पहिली फेरी सुरू झाली. एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं आणि उमाशंकरचा चेहरा उतरत गेला. त्याच्या यादीतला दोन नंबरचा फुगा पहिल्याच संघाने उचलला. चार नंबरचा तिसऱ्या संघाने. पाच नंबरच्या फुग्यासाठी तर दोन प्रशिक्षक हळहळताना दिसले. आठ नावं झाली आणि त्यांत नंदीश नव्हता.

सगळ्यांच्या माना फ्लेक्सकडे वळल्या.

श्रीदेवी उठली. जुन्या कॅलेंडरचं एक पान तिने उलटं केलं, त्यावर मोठ्या अक्षरांत 'दुसऱ्या' लिहिलं आणि 'पहिल्या'वर चिकटवलं. अर्ध्या तासाने तिने त्यावर 'तिसऱ्या' चिकटवलं. चौथी फेरी लागली तेव्हा लोक पेढ्यांकडे बघेनासे झाले होते आणि कॅलेंडरचा ऑगस्ट महिनाही संपला होता.

महांतप्पा इतक्या हळू बोलले की ते पहिल्यांदाच फक्त अडतीत ऐकू आलं. "नंद्या, घरी जायचं का रं?"

"थांबू की अप्पा. दोन तर नावं ऱ्हायलीत."

एकतिसावं नाव पुकारणाऱ्याने चुकीचं वाचलं. "नंदेश, उमरेगा."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग सगळी अडत एकदम उठली. नंदीश मात्र बसून राहिला, दोन्ही हातांनी तोंड झाकून. महांतप्पांनी त्याचं डोकं छातीशी धरलं आणि ते मोठ्याने रडू लागले. गडबडीत पेढ्यांचा खोका उमाशंकरच्या दुखऱ्या गुडघ्यावर आदळला, पण तोही हसत होता.

"गप! गप! बोलायलेत!" कुणीतरी ओरडलं.

टीव्हीवर त्या संघाचे प्रशिक्षक सांगत होते, "फार तयार खेळाडू आहे असं नाही म्हणणार मी. पण 'मध्यरेषा' नावाच्या एका पेजवर वाचलं होतं की हा डावीकडे जातच नाही. म्हणून मुद्दाम त्याला डावीकडे पाठवून बघितलं. सहा चढाया केल्या. चारदा पकडला गेला, दोनदा गुण घेऊन आला. तीन आठवड्यांत इतकं बदलणारा मुलगा शिकवला तर शिकेल, एवढंच."

महांतप्पांनी डोळे पुसले. आता त्यांचा आवाज पूर्ववत झाला होता. "ऐकलं का सगळ्यांनी? त्या मध्यरेषावाल्यानं पोराचं कल्याण केलं! आमी सगळे 'वा वा' करत बसलो आणि खरं बोलला त्यो एकटा. म्या त्याला काय काय बोललो!" त्यांनी हात जोडले. "त्यो जिथं आसंल तिथनं आणा त्याला. शाल घालणार म्या त्याच्या अंगावर. पाव्हणं, पुण्याला जायचं का?"

उमाशंकरने श्रीदेवीकडे पाहिलं. तिने अगदी किंचित मान हलवली. सांगा, अशी.

खांब सोडून तो लंगडत दोन पावलं पुढे आला. "अप्पा, ते पेज हाय ना, ते..."

"राहू द्या, पाव्हणं," शांतलिंग सर म्हणाले.

ते सावकाश खुर्चीतून उठले. त्यांनी शिट्टी शर्टाच्या आत सारली आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "आता सांगायला हरकत न्हाय. कशाला पुण्याला जाता? त्यो माणूस हितंच हाय."

सगळ्या माना सरांकडे वळल्या.

"सर, तुमी?" महांतप्पांनी आ वासला.

"पोराच्या भल्यासाठी करावं लागतं, अप्पा. तोंडावर बोललं तर पोरं ऐकत न्हाईत."

"पण सर," उमाशंकर कसाबसा म्हणाला, "त्यात तर तुमच्यावरच टीका हाय. गुणफलक बघता म्हणून."

सरांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "संशय येऊ नये म्हणून लिवलं."

"बघा!" महांतप्पा गहिवरले. "स्वतःला शिव्या घातल्या, पण पोराला घडवलं! ह्येला म्हणायचा गुरुजी!" त्यांनी शाल मागवली, नारळ मागवला, आणि ताट धरायला अर्थातच घरचा माणूस लागला, म्हणून ते उमाशंकरच्या हातात दिलं. शाल पांघरली गेली. टाळ्या झाल्या. नंदीशने वाकून सरांच्या पायाला हात लावला, पण उठताना तो सरांकडे न बघता दाजींच्या सुजलेल्या नाकाकडे बघत राहिला.

श्रीदेवीने पदर तोंडात कोंबला आणि ती पोत्यांच्या थप्पीमागे निघून गेली. थप्पी बराच वेळ हलत होती.

शाल सावरत शांतलिंग सर उमाशंकरजवळ आले. त्यांनी ताटातला एक पेढा उचलला आणि आपुलकीने विचारलं, "पाव्हणं, तुमी वाचता का ते पेज?"

"कधीमधी," उमाशंकर म्हणाला.

"कधीमधी न्हाय, रोज वाचत जा," सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हळूहळू खेळ कळायला लागंल तुमाला बी."